धारगळच्या चढावर

मालती शेट्येची गाडी डिचोलीत कधीच बिघडत नसे. बाजारात न्या, दवाखान्यात न्या, साखळीपर्यंत जाऊन या, इंजीन शिवणयंत्रासारखं एका लयीत चाले. ती बिघडायची शनिवारी, मालती पेडण्याला धाकट्या बहिणीकडे, विमलाकडे, निघाली की. कोलवाळचा पूल ओलांडला की इंजीन आधी एखादा ठोका चुकवी, मग गचके देई आणि धारगळच्या चढावर मान टाकी. अर्धा तास झाडाखाली बसलं की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही. परत येतानाही तीच रड, फक्त जागा वेगळी.

गाडी नव्वदच्या दशकातली, कार्ब्युरेटरची, नवऱ्याच्या मागे मालतीकडे आलेली. मुलगा निलेश म्हणायचा, "आई, गिऱ्हाईक आहे, देऊन टाकूया."

"दे. पण हिला काय होतं ते आधी मला कळू दे."

सगळी नोकरी मालतीने साखळीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. लाइनवर खरखर आली की ती नेमकी कुठे आहे ते कळेपर्यंत तिला जेवण गोड लागत नसे. तो स्वभाव काही निवृत्त झाला नव्हता.

डिचोलीच्या गॅरेजवाल्या गौरेशलाही हे कोडं झोंबत होतं. त्याचा संशय पहिल्यापासून ठिणगीवर होता. "काकी, तापली की मरते आणि निवली की उठते, म्हणजे कॉइलच," असं म्हणून त्याने ठिणगीला वीज पुरवणारी कॉइल बदलली. त्याआधी प्लग बदलले होते, पॉइंट घासले होते. पुढच्या शनिवारी गाडी धारगळला थांबलीच.

त्यात भर म्हणून निलेश एका रविवारी स्वतः गाडी घेऊन मावशीकडे जाऊन आला. एकदाही गचका नाही. "तुझ्या चालवण्यात काहीतरी आहे," तो म्हणाला. मालतीला ते लागलं, पण त्याहून जास्त ती विचारात पडली. गाडी तीच, रस्ता तोच, चढही तोच. मग निलेशने वेगळं काय केलं?

शेवटी ती गॅरेजवर जाऊन उभी राहिली. "गौरेश, गॅरेजात ही आजार दाखवणार नाही. तू माझ्याबरोबर पेडण्याला चल. वाटेत मेली तर तिथेच बघू."

गौरेशने एक जुना प्लग, पक्कड आणि पाने पिशवीत टाकले आणि तिच्या शेजारी बसला. अस्नोडा गेलं, थिवी गेलं. दोघंही इंजिनाकडे कान लावून बसली होती.

पूल मागे पडला तेव्हा मालतीने हळूच विचारलं, "ऐकलंस?"

"ऐकलं. चुकला एक."

मग दुसरा चुकला, तिसरा. चढाला लागताच गाडी धापा टाकू लागली. मालतीने ती कडेला घेतली आणि इंजीन बंद पडलं.

"बरं झालं!" गौरेश म्हणाला आणि दोघांनाही हसू आलं. बंद पडलेल्या गाडीचा इतका आनंद त्या चढावर कुणाला झाला नसेल.

बॉनेट उघडून त्याने एका प्लगची वायर काढली, ती बरोबर आणलेल्या प्लगला लावली आणि प्लग पकडीत धरून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला. उन्हात ठिणगी दिसेना, म्हणून मालतीकडची छत्री उघडून बॉनेटला अडकवली. "आता सेल्फ मारा, काकी."

तिने चावी फिरवली. छत्रीच्या सावलीत टक् टक् करत निळी, जाडजूड ठिणगी पडत होती.

गौरेश बघतच राहिला. "ही तर ठणठणीत आहे." मग थोडा ओशाळून म्हणाला, "म्हणजे कॉइल, प्लग, सगळं मी उगाच बदललं."

"उगाच कसं? ते नव्हे, एवढं तरी कळलं ना? आता पुढे बघ."

पुढे पेट्रोलचा फिल्टर होता, पारदर्शक प्लॅस्टिकचा. एरवी त्यात पेट्रोल दिसायचं, आता तळाशी थेंबभर होतं. काटा मात्र टाकी अर्धी भरलेली दाखवत होता.

"टाकीत आहे आणि इथे पोचत नाही," गौरेश स्वतःशीच बोलला. "पेट्रोल ओढणारा पंप गेला असेल. पण मेलेला पंप अर्ध्या तासाने कसा उठतो?"

मालती रस्त्याकडे बघत उभी होती. अचानक तिने निलेशला फोन लावला. "अरे, त्या रविवारी तू वाटेत कुठे थांबला होतास?"

"कुठेच नाही. म्हणजे, जाताना आणि येताना पेट्रोल पंपावर. थोडं थोडं पेट्रोल घातलं. का?"

तिने फोन ठेवला. "गौरेश, त्याने दोन्ही वेळा वाटेत पेट्रोल घातलं. मी नेहमी आदल्या दिवशी डिचोलीतच घालून ठेवते."

"पण टाकी तर तुमचीही रिकामी नसते."

"तेच म्हणते. पेट्रोल सोड. पेट्रोल घालताना आणखी काय करतात?"

गौरेशने तिच्याकडे बघितलं आणि तो गाडीच्या मागे गेला. टाकीचं झाकण फिरवताच आत हवा घुसल्याचा लांबलचक आवाज आला, फुस्स...

"श्वास कोंडलाय हिचा!" तो ओरडला. "पेट्रोल जातं त्याच्या जागी हवा यायला पाहिजे. ती येतच नाही. टाकी आतून ओढून धरते, मग पंप किती खेचणार?"

त्याने सेल्फ मारायला सांगितलं. फिल्टरमध्ये पेट्रोल भरताना दिसलं आणि इंजीन सुरू झालं. पण एवढ्याने दोघांचं समाधान होईना. झाकण घट्ट लावून ती दोघं मुद्दाम लांबच्या वाटेने निघाली. पेडणं जवळ येता येता पुन्हा ठोके चुकू लागले. यावेळी गाडी मरू न देता मालती थांबली, गौरेशने उतरून झाकण उघडलं आणि लावलं. पुन्हा तीच फुस्स. तिथून पेडण्यापर्यंत गाडी सरळ गेली.

विमलाच्या अंगणात पोचताच गौरेश पाठीवर झोपून गाडीखाली सरकला. टाकीत हवा यायची बारीक नळी असते. तिचं उघडं तोंड त्याने बोटांनी चाचपलं आणि हसत म्हणाला, "काकी, इथे कुणीतरी गिलावा केलाय."

तारेने कोरताच वाळलेली माती भुगा होऊन पडली, आणि मातीबरोबर बारके, सुकलेले कोळी, एकामागून एक. विमला जुनं वर्तमानपत्र घेऊन आली. तिघंही त्यावर वाकली.

"कुंभारीण माशी," विमला म्हणाली. "आमच्या खिडकीच्या कोपऱ्यातही घर करते. पिल्लांना खायला कोळी आत कोंबते आणि वरून मातीने बंद करते. अगो मालती, तुझा हात मोडला तेव्हा गाडी महिनाभर इथेच होती ना?"

इथेच होती, आणि ही रड त्यानंतरच सुरू झाली होती. आणि मातीच्या बुचातून हवा अगदी हळूहळू झिरपत होती, म्हणूनच जवळच्या फेऱ्यांत काही जाणवत नसे आणि अर्धा तास थांबलं की गाडी जागी व्हायची. गौरेशने नळीच्या तोंडावर बारीक जाळी बांधली आणि चहा आणि उंडा पाव घेऊन बसने डिचोलीला गेला. गॅरेज बंद ठेवून आला होता.

मालती संध्याकाळी एकटीच निघाली. धारगळ गेलं, पूल गेला, थिवी गेलं. तिने मुद्दाम काचा खाली केल्या होत्या. एकही ठोका चुकला नाही.

घरी निलेश वाट बघत होता. तिने त्याला सगळं सांगितलं, पुडीत बांधून आणलेले कोळीही दाखवले. त्याने एक कोळी बोटाने उलटा करून बघितला.

"मग गिऱ्हाइकाला काय कळवू?"

"कळव, गाडी चांगली आहे," मालती म्हणाली. "म्हणून देत नाही."