गुडघ्याखालून दिलेली कॉफी

प्रेंकने पहिला पैसा कमावला तो आमच्या होडीतून. शेजारच्या देशावर पेट्रोलबंदी होती, त्या दिवसांत श्कोदरच्या तळ्यावरून चोरून पेट्रोल पलीकडे जायचं. पिंपं त्याची, वल्ही माझ्या भावाची, न्दूएची. पुढे प्रेंकचे पेट्रोल पंप झाले, हॉटेल झालं, दगडखाण झाली. न्दूए त्याच खाणीत मजूर. आता प्रेंकला खासदार व्हायचंय. पोट भरलं की माणसाला मान हवासा वाटतो.

खाणीचा कडा कोसळून न्दूए गेला. प्रेंकने माझ्या म्हाताऱ्या बाबांचा हात धरून बेसा दिली, "काका, न्दूए शुद्धीत होता, कडाच कच्चा होता, हे मी पोलिसांना सांगेन." आमच्या डोंगरात बेसा म्हणजे जीव गेला तरी न मोडायचा शब्द. पोलिसांना त्याने सांगितलं, न्दूए पिऊन आला होता. न्दूएला राकीचा वाससुद्धा सोसायचा नाही. बाबांना भरपाई नको होती. पोराच्या नावावरचा डाग तेवढा पुसून हवा होता.

आणि हाच प्रेंक सांत्वनाला आला, कॅमेरावाला घेऊन. दारात आलेल्याला आम्ही हाकलत नाही, वैरी असला तरी. हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"त्याला कॉफी मी देणार," बाबा म्हणाले.

"बाबा, धड उभं राहता येत नाही तुम्हाला."

"आज राहीन."

शब्द मोडणाऱ्याला आमच्याकडे कप सरळ हातात देत नाहीत, गुडघ्याखालून देतात. असा कप मिळालेली माणसं पूर्वी गाव सोडून जात. बाबांनी भिंतीचा आधार घेतला, पाय उचलला आणि कप खालून पुढे केला. बसलेल्यांनी आपापले कप खाली ठेवले.

प्रेंकने कप घेतला आणि सावकाश संपवला.

"कळलं का तुला, मी काय दिलं ते?" बाबांनी विचारलं.

"कळलं की, काका. छान झालीय."

बाबांना वाटलं होतं, निदान त्याची मान खाली जाईल. अहो, मान लाज असलेल्याची खाली जाते. निर्लज्जाला काय हो, कुठूनही द्या.

संध्याकाळी टीव्हीवर प्रेंकचा चेहरा आणि कप एवढंच दिसलं. बातम्या देणारी बाई सांगत होती, मृताच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने कॉफी दिली, कुटुंबाची काही तक्रार नाही.

मी टीव्ही बंद केला. बाबा तिकडेच बघत राहिले.

"म्हणजे न्दूए प्यायलेला होता," ते म्हणाले, "असं आता मीच सांगितलं."