मेहुणीची बोली

शेजाऱ्याच्या शाळा-कुरणावर बोली लावायची नाही, हा आमच्या मोंटानातला न लिहिलेला कायदा. बायको पळवलीत तर लोक दोन-चार वर्षांत विसरतात. कुरण पळवलंत तर चर्चमध्ये तुमच्या नातवंडांशेजारीही कुणी बसत नाही.

शाळांच्या नावानं राखलेली ही सरकारी जमीन. आम्ही ती भाड्यानं घेऊन गुरं चारतो, भाडं शाळांना जातं. माझ्या तुकड्यावर झरा आहे आणि आसपास तेवढंच पाणी. यंदा करार संपला आणि कुणीतरी दुप्पट भाड्याची बोली लावली. जुन्या भाडेकरूला तेवढंच भाडं कबूल करून जमीन राखता येते. नाही जमलं तर माझी गुरं बाजारात.

मी तडक कॉफीच्या दुकानात गेलो आणि इथली कुरणं विकत घेत सुटलेल्या, हेलिकॉप्टरनं येणाऱ्या श्रीमंत टेक्सासवाल्याचा मनसोक्त उद्धार केला; दुसरं कोण असणार? तो कोपऱ्यात पॅनकेक खात बसला होता.

"मी नाही हो," तो म्हणाला. "मला गाईंची भीती वाटते."

कचेरीत नाव कळलं. मार्लिस. माझी सख्खी मेहुणी, गावच्या एकखोली शाळेची मास्तरीण. जन्मात कोंबडी पाळली नाही बाईनं. मी शाळेत गेलो, तर वर्गाच्या मधोमध बादली आणि तीत छपरातून टपटप पाणी.

"गुरं कुठायत तुझी?"

"जमीन हवीय कुणाला, दाजी? तुम्ही भराल हे ठाऊक होतं. वर्षानुवर्षं जवळजवळ फुकटात चारताय, इथं पोरांच्या वह्या भिजतात."

"आणि मी नाही भरलं तर?"

"मग अकरा पोरं घेऊन मीच जाईन चरायला."

ट्रॅक्टरसाठी साठवलेले पैसे भरले आणि तिच्याशी बोलणं टाकलं. थँक्सगिव्हिंगच्या सणाला बायकोनं, आर्डिसनं, तिला जेवायला बोलावलंच. मी टर्की कापली ती तिच्याकडे न बघता.

मार्लिसनं ताट बाजूला सारलं. "ताई, ते भाडं आपल्या शाळेला येतच नाही गं. सगळ्या राज्याचं एकत्र होतं आणि पोरांची डोकी मोजून वाटतात. आपली डोकी अकरा. छप्पर राहू दे, नवी बादलीसुद्धा येणार नाही त्यात."

मलाही इतकी वर्षं वाटत होतं, माझं भाडं इथंच येतं. माझ्या ट्रॅक्टरच्या पैशांतून शहरातल्या कुठल्यातरी शाळेला पंखे बसणार होते. चांगले दोन-तीन टोमणे मी महिनाभर घोटून ठेवले होते. पण ती रडायला लागली आणि माझं डोकंच फिरलं. तिच्यावर, सरकारवर आणि मुख्य म्हणजे माझ्यावर, कारण तिचं रडणं मला बघवेना.

शनिवारी वासरांच्या गोठ्याचे पत्रे उचकटले आणि शाळेवर चढलो. मार्लिस खाली शिडी धरून उभी.

"दाजी, वासरं कुठं जातील हो?"

"त्यांची डोकी सरकार मोजत नाही," मी म्हणालो. "खिळे दे."