कुलपांच्या कंपनीची चौकशी

आत्याने पाचव्या कंपनीला फोन लावला, रिसीव्हर मान वाकडी करून खांद्यात धरला आणि मटार सोलत घंटा ऐकत राहिली. घंटा वाजून वाजून आपोआप बंद पडली, तसा तिने रिसीव्हर जागेवर ठेवला.

“मेली,” ती म्हणाली.

समोर लॅपटॉप घेऊन बसलेल्या भाच्याने यादीतल्या त्या कंपनीच्या ओळीला लाल रंग फासला. कंपनीत काही हजार माणसं कामाला होती, पण तिच्यासाठी दोघांपैकी कुणी हळहळलं नाही. आत्याने पुढची शेंग फोडली.

साथ आल्यापासून शहर बंद होतं आणि शेअर बाजार जिन्यावरून सुटलेल्या पत्र्याच्या डब्यासारखा खाली चालला होता, प्रत्येक पायरीवर आवाज करत. भाचा ऑफिसच्या खुर्च्या विकणाऱ्या कंपनीत होता. ऑफिसंच बंद पडल्यामुळे खुर्च्यांवर बसायला कुणी उरलं नव्हतं आणि त्याचा पगार निम्म्यावर आला होता. मोकळ्या झालेल्या वेळात तो मोबाइलवर एका गृहस्थांना ऐकत असे. ते पांढऱ्या फळ्यासमोर उभे राहून बाण काढत. चांगला माल पडत्या भावात उचलायची संधी आयुष्यात एकदाच येते, असं ते रोज सांगत. घरात त्यांना ‘फळावाले सर’ म्हणत.

भाच्याची तयारी झाली होती. अडचण एवढीच, की भांडवल आत्याच्या गुडघ्यात अडकलं होतं.

उजव्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तिने पेन्शनीतून पैसे साठवले होते. तारीखही मिळाली होती. मग साथ आली आणि हॉस्पिटलने अशी ऑपरेशनं बेमुदत पुढे ढकलली. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. टाळेबंदी लागण्याच्या कितीतरी आधीपासून आत्या खाली उतरलेली नव्हती. सगळं जग घरात बसलं, तेव्हा ती म्हणाली होती, या, सगळे माझ्याच पंगतीला बसा.

ते पैसे नुसतेच पडून आहेत, तोवर दुप्पट करून घेऊ, म्हणजे दोन्ही गुडघे होतील, असं भाच्याने सुचवलं. डावा ठणठणीत आहे, असं आत्या म्हणाली. असू दे, पण सोय असलेली बरी, असं भाचा म्हणाला. आणि बुडाले तर, असं आत्याने विचारलं, तेव्हा तो फळावाल्या सरांकडे पाहू लागला. ते बाण काढण्यात गुंग होते. बुडाले तर आत्याचं उरलेलं आयुष्य या तिसऱ्या मजल्यावर जाणार होतं, हे दोघांना पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे त्याविषयी कुणी बोललं नाही.

शेवटी ती एका अटीवर तयार झाली. कंपनी तो शोधेल, पारख ती करेल.

आत्याची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. कानाला हेडफोन लावून तिने लोकांची लग्नं जुळताना ऐकली होती, धंदे बुडताना ऐकले होते, आणि त्या काळात चोरून ऐकायची मनाई असल्यामुळे फार लक्ष देऊन ऐकलं होतं. तिचं मत होतं, की दुकान कसं आहे ते पाटीवरून कळत नाही, फोन वाजल्यावर तो कोण उचलतं आणि कसा उचलतं, त्यावरून कळतं.

सगळीकडे बंद आहे, फोन उचलणार कोण, असं भाच्याने समजावून पाहिलं. तेच तर बघायचंय, ती म्हणाली. अशा दिवसांत जी उचलेल ती खरी. यात कुठेतरी खोट होती, पण नेमकी कुठे, ते त्याला सापडेना. फळावाल्या सरांनी हा भाग अजून घेतला नव्हता.

सहावी कंपनी कुलपं बनवणारी होती. तिथे पहिलीच घंटा पुरती वाजायच्या आत फोन उचलला गेला.

आत्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिने रिसीव्हर खांद्यातून काढून हातात घेतला, केस कानामागे सारले आणि पाठ ताठ केली. नमस्कार, कुलपांची कंपनी का, असं विचारलं. मग ‘हो का’ म्हणाली, मग ‘अरेरे’ म्हणाली, मग ‘नाही हो, घाई कसली’ म्हणाली. भाचा उठून कुकर लावून आला, तरी ती बोलतच होती. मटाराचं भांडं बाजूला सरकवलेलं होतं.

“जिवंत आहे,” फोन ठेवून ती म्हणाली.

भाच्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. त्याच्या हिशेबातही हीच कंपनी सगळ्यात वर होती. कर्ज नाही, जमीन स्वतःची, आणि शेअरचा भाव चण्याच्या पुडीइतका. अहवाल दोन वर्षांपूर्वीचा होता, पण कुलपं काय नासतात थोडीच. पंख्याच्या वेगावरही ज्यांचं कधी एकमत झालं नव्हतं, ती दोन माणसं वेगवेगळ्या वाटांनी एकाच दारात येऊन उभी राहिली होती. त्या आनंदात दोघांनी दुसऱ्यांदा चहा घेतला.

“जग बंद झालंय, म्हणजे दाराला कुलपं लागली,” भाचा म्हणाला. “ती कुणी बनवली?”

“लोक घरात आहेत, शहाण्या. घरात बसून बाहेरून कुलूप कोण लावतं?”

“तू धंद्यात शिरू नकोस. तू चौकशी बघ.”

आत्याने ते फारच मनावर घेतलं. रोज दुपारचा चहा झाला, की ती फोनपाशी जाऊन बसे. चौकशी लांबत गेली. आधी चहा गार होईपर्यंत, मग भाजी निवडून होईपर्यंत, मग पुढच्या चहाची वेळ होईपर्यंत. फोन झाला, की भाचा तिला एकेक प्रश्न विचारी आणि उत्तरं टिपून घेई.

“व्यवस्थापन कसं वाटतंय?”

“शांत. आवाज चढवत नाहीत.”

“कर्ज?”

“एका पैशाचं नाही. उलट धाकट्या भावाकडून येणं आहे, पण ते मागत नाहीत.”

बुडीत येणं, किरकोळ, असं भाच्याने टिपलं. मोठ्या कंपन्यांत भाऊबंदकी चालायचीच.

“विस्ताराचा काही विचार?”

“मागच्या बाजूला कोथिंबीर पेरलीय. उगवली, तर मिरच्या लावणार आहेत.”

भाचा थांबला. धंद्याला दुसऱ्या क्षेत्राची जोड द्यावी, हे फळावाल्या सरांचं लाडकं वाक्य होतं. त्याने ‘शेती’ असं लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली.

असे दिवस मजेत चालले होते. आत्या हल्ली गुणगुणायला लागली होती. गुडघा तसाच होता, पण त्याच्याबद्दलची तक्रार बंद झाली होती. एकदा तिने लाटणं हातात धरून, या फोनवरच्या माणसाची बायको जाऊन सात वर्षं झाली, असं आपणहून सांगितलं. भाच्याला ही माहिती कुठल्या रकान्यात घालावी कळेना. शेवटी त्याने ती ‘जोखीम’ या रकान्यात घातली.

फक्त एक गोष्ट होत नव्हती. आत्या पैसे काढू देत नव्हती. शेअर घ्यायची सगळी तयारी करून, एक बटण दाबायचं बाकी ठेवून भाचा तिच्यासमोर बसे, आणि ती म्हणे, थांब, अजून चौकशी पुरी झाली नाही.

तेवढ्यात बाजार उलटला. आत्याने मेलेल्या ठरवलेल्या कंपन्या एकेक करून उठून बसू लागल्या. पाचवी तर चक्क धावत सुटली. कुलपांची कंपनी मात्र जागची हलली नाही. याचा अर्थ तिची पाळी यायची आहे, असं भाच्याने ताडलं आणि त्याचं जेवणावरचं मन उडालं. आयुष्यातली एकमेव संधी, जी रोज येत होती, ती आता यायची थांबली तर?

एका सकाळी आत्या आंघोळीला गेली. भाच्याने बाथरूमच्या दाराकडे पाहिलं, फोनपाशी जाऊन बसला आणि नंबर फिरवला. कंपनीच्या कुणा जबाबदार माणसाकडून एकदा स्पष्ट ऐकायचं आणि आत्यापुढे ठेवायचं, असा त्याचा बेत होता.

“बोला ताई. आज सकाळीच?”

आवाज खरोखरच शांत होता. भाच्याने घसा साफ केला आणि आपण ताईंचे भाचे, असं सांगितलं.

“अच्छा, ते शहाणे तुम्हीच का?”

भाच्याने ते सोडून दिलं. आपण मोठी गुंतवणूक करणार आहोत, तरी पुढच्या वर्षाकडे कंपनी कसं बघते, असं त्याने विचारलं. पलीकडे एक मांजर ओरडलं.

“साहेब, मी वॉचमन आहे.”

पुढचं त्याने अगदी सावकाश, समोरच्याला लागणार नाही अशा बेताने सांगितलं. कारखाना साथीच्या आधीच बंद पडला होता. यंत्रं विकली गेली, कामगारांचा हिशेब झाला. जागेचा वाद सुटेपर्यंत आवारात कुणीतरी हवं, म्हणून मालकांनी त्याला ठेवला होता. ऑफिसातला फोन तेवढा कापायचा राहिला होता. तो वाजला, की हा धावत जाऊन उचलायचा, कारण दुसरं काही वाजतच नव्हतं.

भाच्याच्या तोंडून एवढंच निघालं, “कुलपं लावलेली नाहीत का?”

“लावलीत ना. आपल्याच कंपनीची आहेत. म्हणून तर मला ठेवलाय.”

भाच्याने भिंतीला डोकं टेकलं. लॅपटॉपवर कंपनीची ओळ हिरवीगार चमकत होती.

“हे तुम्ही आत्याला सांगायला हवं होतं.”

“पहिल्याच दिवशी सांगितलं, साहेब. म्हटलं, ताई, इथे मी आणि मांजर, बाकी कुणी नाही. तर म्हणाल्या, असू द्या. उद्या याच वेळेला फोन केला तर चालेल का?”

बाथरूममध्ये तांब्या बादलीवर आपटला आणि त्यामागून आत्याचं गाणं आलं. भाचा ते ऐकत राहिला. तिकडेही ते ऐकू जात असावं, कारण तो माणूसही गप्प होता.

“ताई बऱ्या आहेत ना?” थोड्या वेळाने त्याने विचारलं. “नाही, तुमचा फोन आला म्हणून विचारलं. आता तुम्हाला सगळं कळलंच आहे. तर मग दुपारी...”



“दुपारी येईल फोन,” भाचा म्हणाला. “चौकशी अजून पुरी झालेली नाही.”

आत्या केस पुसत बाहेर आली, तेव्हा तो लॅपटॉप मिटून कोथिंबीर निवडत होता. हे काम त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं, त्यामुळे ती दारातच थांबली.

“काय रे, आज बाजार नाही?”

“आत्या, मला वाटतं, आपण घाई करतोय. आणखी माहिती घ्यायला हवी.”

“कसली?”

“व्यवस्थापनाची. स्वभाव वगैरे.”

आत्याने त्याच्याकडे पाहिलं, मग फोनकडे पाहिलं. रिसीव्हर उलटा ठेवलेला होता. तिने तो सरळ केला, टॉवेल खुर्चीवर टाकला आणि निवडलेल्या काड्यांतून त्याने फेकून दिलेली पानं वेचायला बसली. दुपारचा चहा झाल्यावर भाचा काही न बोलता आपला कप घेऊन स्वयंपाकघरात गेला आणि जाताना दार लोटून घेतलं.

हॉस्पिटलची दारं उघडली, तेव्हा आत्याला खाली न्यायचा प्रश्न आला. भाच्याने कंपनीतून नमुन्याची खुर्ची आणली. चाकांची, पाठ मागे झुकणारी, बड्या साहेबांची. शेजाऱ्याने एक बाजू धरली, त्याने दुसरी. वळणावळणावर खुर्ची आपणहून गर्रकन फिरे, आणि आत्या वरच्या, खालच्या, समोरच्या अशा सगळ्या बिऱ्हाडांना एकदमच हात करी. मास्कमधून तिचं हसू दिसत नव्हतं, पण तळमजल्यापर्यंत ऐकू जात होतं.

पैसे जसेच्या तसे होते. ते भरून झाले. डॉक्टर तरुण होते, रोग्याला धीर द्यावा, असं नव्याने शिकलेले. त्यांनी आत्याचा गुडघा हलवून पाहिला आणि विचारलं, नवा गुडघा बसला, की सगळ्यात आधी काय करायचं ठरवलंय, आजी?

“एका कंपनीची पाहणी करायची आहे,” आत्या म्हणाली.

डॉक्टरांनी भाच्याकडे पाहिलं.

“आवार मोठं आहे,” भाचा म्हणाला. “चालावं लागेल.”