हळदीखालचा वळ

कृणालच्या गळ्यावरचा वळ कमळने हळदीने झाकला, तोही असा की मांडवातल्या एकाही माणसाला संशय येऊ नये. सकाळी वेसाव्याच्या बंदरावर होडी ओढताना ताणलेला दोर तुटला आणि त्याचा फटका तिच्या पोराच्या गळ्यावर बसला होता. रक्ताचा थेंब नाही, नुसता निळा पट्टा. "काय नाय झाला, आये," तो म्हणाला. आवाज जरा घोगरा होता, एवढंच.

नेमकी त्याच दिवशी त्याच्या बहिणीची, नेत्राची हळद. वादळात मांडव पडला म्हणून विहीण नलिनीने एकदा तारीख पुढे ढकललीच होती. आता होडीवरचा अपघात कळला तर ती पुन्हा अपशकुन काढणार, याबद्दल कमळला शंकाच नव्हती. हळदीला सगळेच पिवळे होतात, एका पोराचा गळा जास्त पिवळा दिसला तर कोण विचारणार? तिने जाड लेप दिला. बोटांखाली कातडी कुरकुरली, जाड्या मिठावर बोट दाबावं तशी. कमळने पुन्हा एकदा दाबून पाहिलं. पण बाहेर बँजो सुरू झाला होता, बायका हाका मारत होत्या, आणि ती गेली. गेली, यातच सगळं आलं.

दिवस कलायच्या आत कृणालचा चेहरा सुजून डोळे मिटले. अंधेरीच्या इस्पितळात पोचेपर्यंत आवाज गेला होता आणि श्वासाला शिट्टी लागली होती. नलिनीही दुसऱ्या रिक्षाने मागोमाग आली.

"काही खाल्लं का याने? ही हळद कुठली?" डॉक्टर पद्मजाबाईंनी विचारलं.

"बाजारातली असणार. ॲलर्जी झाली, दुसरं काय!" नलिनी म्हणाली.

कमळने मान डोलावली. किती सोपं होतं ते!

ॲलर्जीचं इंजेक्शन दिलं, पण उतार पडेना. ओठ काळे पडायला लागले. "घसा सुजून बंद होतोय. तोंडातून नळी घालते," म्हणत पद्मजाबाई पुढे झाल्या. नळी पोराच्या ओठांपाशी आली आणि कमळला राहवेना.

"थांबा, बाय!" तिने पदराने खसाखसा हळद पुसली. "दोर लागलाय याला, सकालचा. मीच झाकला. हात लावला तवा कुरकुरत होता."

पद्मजाबाईंनी गळा हलकेच चाचपला आणि त्यांचा हात थबकला. "श्वासनळी फाटलीय. हवा कातडीखाली भरतेय. न बघता नळी घातली असती ना, तर उरलीसुरली पण तुटली असती." मग त्या भडकल्या. "दिवसभर करत काय होतात तुम्ही?"

आत कॅमेऱ्याची बारीक दुर्बीण उतरवून त्यांनी फाटलेली जागा शोधली, तिच्या पलीकडे नळी पोचवली, आणि मगच कृणालला ऑपरेशनला नेलं.

बाहेरच्या बाकावर नलिनी कमळशेजारी येऊन बसली. "मला सांगायचं ना गं," ती म्हणाली. "मी काय पोराच्या जिवावर उठले होते?"

याहून चार शिव्या घातल्या असत्या तर कमळला बरं वाटलं असतं.

सांधलेल्या श्वासनळीवर ताण येऊ नये म्हणून कृणालची हनुवटी टाके घालून छातीकडे बांधून ठेवली होती. मान वर करायची नाही, बोलायचं नाही. आवाज परत येईल का, याला पद्मजाबाईंचं उत्तर एकच होतं, "आत्ता सांगता येत नाही."

तो शुद्धीवर आल्यावरच नलिनीने अक्षता पडू दिल्या. देवळात, बँजोशिवाय. तिथून नेत्रा थेट इस्पितळात आली आणि कॉटशी उभी राहिली. खाली झुकलेल्या कृणालला तिची नवी जोडवी तेवढी दिसली. त्याची मान हलली. कमळने झटकन त्याच्या डोक्यावर हात दाबला.

"वर नको बघू, दादूस," नेत्रा म्हणाली आणि शालूसकट फरशीवर बसली, त्याला तोंड दिसेल अशी.

कृणालचे ओठ हलले. तिचं नाव असावं. आवाज आला नाही. कमळ तशीच त्याचं डोकं दाबून उभी राहिली. तिच्या नखांतली हळद अजून गेली नव्हती.