परत आलेल्या पुस्तकांची गाडी

मित्रांनो, वाचनालयाच्या दाराशी, उजव्या हाताला उभी असलेली लोखंडी ढकलगाडी कधी नीट बघितली आहे का? तीन फळ्यांची, चार चाकांची, आणि त्यातलं एक चाक पक्कं हट्टी? ती मीच. मी एक जुनी ढकलगाडी आहे. जुनी असले तरी अजून कामाची आहे, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म एका वेल्डरच्या दुकानातला. ठिणग्या उडत होत्या आणि तो बेसूर शीळ घालत होता, एवढंच मला आठवतं. त्याने मला एका बेकरीसाठी बनवलं होतं. तिथे मी पावाचे ट्रे वाहिले. कामाला तोटा नव्हता, कौतुकही व्हायचं. पण मनाला एक रुखरुख असायची. पाव एकदा गेला की गेला! कुणी खाल्ला, कसा लागला, काही म्हणून कळायचं नाही. पुढे बेकरीवाल्याने मोठी गाडी घेतली आणि मला या वाचनालयाला देऊन टाकलं. मी जरा रडकुंडीला आले होते, पण झालं ते बरंच झालं. कारण इथे मी वाहते परत आलेली पुस्तकं. कुणाच्या पानांत बिस्किटाचा चुरा, कुणाच्या पानांत केसाची पिन. पुस्तक कुणाच्या घरी काय बघून आलं, ते मला लगेच ओळखू येतं.

इथली एक गंमत सांगते. माणसं पुस्तक परत करायला येतात आणि कपाटांकडे जायच्या आधी माझ्याच फळ्यांवर वाकतात. "बघू बरं, लोक काय वाचतायत!" असं म्हणत मला अगदी उलथीपालथी करतात. आमच्या ग्रंथपालबाई म्हणायच्या, "कपाटं मी लावते, पण पुस्तकं खपवते ती ही गाडी." ते ऐकून माझं हट्टी चाकसुद्धा सुतासारखं सरळ चालायचं.

मग एक दिवस नवीन पुस्तकांसाठी काचेचं कपाट आलं, आतमध्ये दिवे असलेलं. कानामागून आली आणि तिखट झाली, तशातली गत! माझी रवानगी जिन्याखाली झाली. माझ्या अंगावर फडकी, झाडू आणि कुणाची तरी विसरलेली छत्री. फार वाईट वाटायचं. पण काचेच्या कपाटात फक्त नवी पुस्तकं, मग परत आलेली ठेवायची कुठे? टेबलावर ढीग झाला, तो ढीग एकदा बाईंच्या पायावर कोसळला, आणि मला मानाने बाहेर काढण्यात आलं.

त्यानंतरच्या या गोष्टीत शिवणवाल्या ताई येतात. त्यांचं समोरच्या गल्लीत कपडे शिवायचं दुकान आहे. खांद्यावर कायम मोजायची टेप. त्या एकाच लेखिकेची पुस्तकं न्यायच्या. त्यांत मिठाचा किल्ला असायचा, शापित राजपुत्र असायचे, ड्रॅगन असायचे आणि भरपूर प्रेम असायचं. एकदा माझ्या दांडीवर हात टेकवून त्यांनी बाईंना सगळं सांगितलं होतं.

घरात त्या आणि त्यांच्या सासूबाई, दोघीच. नवरा जहाजावर कामाला. सासूबाईंची नजर गेलेली. दोघींमध्ये बोलणं म्हणजे "जेवलात का?" आणि "जेवले." एकदा ताई काजं करता करता पुढ्यातलं पुस्तक पुटपुटत वाचत होत्या. आतल्या खोलीतून आवाज आला, "अगं, मग पुढे काय झालं?" झालं! त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मशीन बंद झालं की वाचन सुरू. सासूबाई अशा पक्क्या, की सुनेने लाजून एखादं चुंबन गाळलं तर लगेच म्हणायच्या, "पान गाळलंस. मला कळतं हो! मागे जा." दोघी हसून हसून बेजार व्हायच्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासूबाई हसतात कशा, हे ताईंना मिठाच्या किल्ल्यामुळे कळलं.

आणि मग, मित्रांनो, त्या लेखिकेची पुस्तकं संपली. एकूण एक संपली. ताईंनी शेवटचं पुस्तक माझ्यावर ठेवलं तेव्हा त्यांचा हात त्याच्यावरून निघेना.

त्यांनी नवं पुस्तक शोधायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पण त्यांची एक चूक झाली. दुकानात बाया आपला जुना ब्लाउज पुढे करून "अगदी अश्शाच मापाचा शिवा" म्हणतात ना, तसं त्यांनी केलं. किल्ल्याचं चित्र दिसलं की ते पुस्तक उचललं. घरी सासूबाईंनी एकेकाचा निकाल लावला. एका पुस्तकाबद्दल म्हणाल्या, "हा ड्रॅगन आहे की पाळलेलं मांजर?" दुसऱ्याबद्दल, "हा राजपुत्र आरशासमोरच मरेल." तिसऱ्याच्या वेळी मात्र त्यांचा पारा चढला. "तुझ्या वाचण्यातच जीव राहिला नाही," असं त्या बोलून गेल्या. ताईंनी पुस्तक मिटलं. त्यानंतर घरात पुन्हा "जेवलात का?" आणि "जेवले."

"बाई, माझं नाव काढून टाका," ताई म्हणाल्या. "पुस्तकंच नकोत आता. निदान आमचं भांडण तरी होणार नाही."

बाई गडबडल्या. मग त्यांना एकदम आठवलं. "अहो, थांबा! क्रेनकाकांची लेक हीच पुस्तकं वाचते. तिची तर तुमच्याआधी संपली. आता ती दुसरं काहीतरी नेते."

क्रेनकाका तेव्हा माझ्या पलीकडेच उभे होते. बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झालेले, दाराएवढे धिप्पाड, मिशा झुबकेदार. ते नेहमी एक जाडजूड इतिहासाचं पुस्तक आणि त्याखाली उपडं घातलेलं एक ड्रॅगनचं पुस्तक परत करायचे. "लेकीसाठी नेतो," म्हणायचे. मला खरं ठाऊक होतं. इतिहासाच्या पुस्तकाची पानं एकमेकांना चिकटलेली असत, आणि लेकीच्या पुस्तकात पांढरे, राठ, मिशीचे केस असत! पण माझं कोण ऐकतंय? काखेत कळसा नि गावाला वळसा, आणि मी आपली मुकाट उभी.

ताई त्यांच्याकडे वळल्या. "काका, तुमच्या लेकीला विचारता का हो? माझ्या सासूबाईंसाठी हवंय. घर अगदी गप्प झालंय आमचं."

काकांनी मिशी चाचपली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग माझ्या खालच्या फळीवरून एक निळं पुस्तक काढलं. "ही लेखिका नवीन आहे. लेक म्हणते, यात किल्ला नाही, ड्रॅगनही नाही. एक दिवे लावणारी बाई आहे आणि एक वारा आहे. शापामुळे तो दिवे जळत असतील तेवढाच वेळ माणूस असतो. सुरुवात जरा संथ आहे, पण लेक म्हणते, सोडू नका."

"लेक म्हणते" म्हणताना त्यांचा आवाज जरा कापरा झाला. ताईंनी पुस्तक नेलं, आणि आठवड्याच्या आत धावत परत आल्या. चेहरा असा फुललेला! "बाई, आईंनी पहिल्या दिवशी नाक मुरडलं, दुसऱ्या दिवशी गप्प बसल्या, आणि काल मला स्वयंपाक करू देईनात! भाजी राहू दे, वारा कुठे गेला ते सांग, म्हणाल्या!"

पुढे हे छान चाललं. "लेक" पुस्तकं सुचवायची, काका निरोप पोचवायचे. पण सासूबाई कसल्या ऐकतात! त्यांना लेकीशी बोलायचंच होतं. मग काकांची लेक आधी सर्दीने आजारी पडली, मग कामात बुडाली, मग बाहेरगावी गेली. खोटं बोलावं पण रेटून बोलावं म्हणतात, काकांना तेवढं रेटता येईना. ते यायचेच बंद झाले. आले तरी सकाळी दार उघडताच पुस्तक माझ्यावर टाकून पळायचे. इकडे ताईंना सुचवलेली पुस्तकं संपली. त्या पुन्हा किल्ल्याची चित्रं चाचपू लागल्या.

तेव्हा सासूबाई स्वतः आल्या. सकाळीच, वाचनालय उघडायच्या वेळी. एक हात सुनेच्या खांद्यावर, दुसरा माझ्या दांडीवर. लहानखुऱ्या, ताठ. काका आत शिरले आणि समोर सासू-सून बघून जागीच थिजले.

"लेक आली का तुझी?" ताईंनी कानात सांगताच सासूबाईंनी विचारलं.

"ती... बाहेरगावी आहे, आजी."

"बरं. तिला निरोप दे. म्हणावं, त्या दिव्यांच्या पुस्तकातला वारा मला मुळीच आवडला नाही. लबाड कुठला! बाईला सोडून पळून गेला."

"लबाड?" काकांचा आवाज छताला लागला. "अहो आजी, पळाला कुठे? तिचं घर पेटू नये म्हणून त्याने स्वतः दिवा विझवला! आपण पुन्हा माणूस होणार नाही हे माहीत असून! मी दोनदा रडलो ते पान वाचून!"

सकाळी वाचायला आलेल्यांची वर्तमानपत्रं खाली आली. काकांचे कान लालबुंद झाले.

"मला वाटलंच," सासूबाई म्हणाल्या. "मीसुद्धा दोनदाच रडले."

मग काकांनी सगळं सांगून टाकलं. असली पुस्तकं त्यांची बायको वाचायची. ती गेल्यावर तिचं शेवटचं पुस्तक परत करायला ते इथे आले होते. माझ्यावर ठेवता ठेवता उघडलं, उभ्याउभ्या वाचलं, आणि परत घरी नेलं. बाईंनी बघितलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, "लेकीसाठी." लेक खरी आहे, पण ती परदेशात असते आणि तिला असल्या गोष्टींचा कंटाळा. "क्रेनवरचा माणूस मी," काका म्हणाले, "लोक काय म्हणतील?"

"लोक काहीही म्हणोत," सासूबाई म्हणाल्या. "मी वयाची ऐंशी ओलांडली आणि सुनेकडून चुंबनं वाचून घेते. तू माझ्यापुढे काय लाजतोस?"

ताई तर टेप तोंडावर धरून हसत होत्या. बाईंनी "शांतता राखा" असं म्हणायला तोंड उघडलं आणि त्याही हसायला लागल्या.

आता दर आठवड्याला ही मंडळी माझ्याभोवती जमतात. काका पुस्तक काढतात, ताई पहिलं पान मोठ्याने वाचतात, सासूबाई निकाल देतात. आणखी दोघेतिघे येऊन उभे राहतात. असं आहे, मित्रांनो! ज्यांना वाटायचं आपण एकटेच असलं काही वाचतो, ते सगळे एकाच गाडीवर पुस्तकं ठेवत होते.

परवा ताईंनी हळूच विचारलं, "आई, या नव्या लेखिकेचीही पुस्तकं संपली की हो?"

"संपू देत की," सासूबाई म्हणाल्या. "आता विचारायला माणसं आहेत."

तेव्हा मित्रांनो, माझ्या चाकात थेंबभर तेल घाला, माझ्यावर ओल्या छत्र्या ठेवू नका, ते तर झालंच. पण एवढं आणखी ऐका. आवडलेलं पुस्तक माझ्यावर उपडं घालून पळू नका. दोन मिनिटं थांबा, आणि शेजारी जो कुणी उभा असेल त्याला सांगा, "हे मला फार आवडलं." त्याच्या घरी कुणीतरी ऐकायला बसलेलं असतं.