शिकवणाऱ्याच्या बाजूचा ब्रेक

मास्तर सकाळी सहाला उठले, वजनकाट्यावर उभे राहिले आणि आलेला आकडा त्यांनी कॅलेंडरवर लिहिला. दिवसभराचे पाणी मापाच्या बाटलीत भरले. अर्धा कप चहा घेतला तेव्हा तेवढे पाणी बाटलीतून ओतून टाकले. मग वाकून, दोन्ही बूट पायांत आहेत ना, हे डोळ्यांनी तपासले. पायांच्या शब्दावर त्यांचा हल्ली विश्वास नव्हता.

मूत्रपिंडे निकामी होऊन चार वर्षे झाली होती. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस, उरलेले दिवस स्वतःचे ड्रायव्हिंग स्कूल. रक्तात साचणारी घाण नसांनाही सोडत नाही आणि सुरुवात पावलांपासून होते, हे डॉक्टरांनी समजावले होते. मुंग्या येतात का, असे ते दर वेळी विचारत आणि मास्तर दर वेळी नाही म्हणत. ते अगदीच खोटे नव्हते. मुंग्या येऊन गेल्या होत्या. आता पावलांत कोणीच राहत नव्हते. पण हे कबूल केले की गाडी सुटणार, आणि गाडीवाचून आपण कोण, हे मास्तरांना सुचत नव्हते.

त्या दिवशी शिकायला निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. क्लच पायाला कळला पाहिजे, असे मास्तर त्यांना सुनावत असतानाच वळणावर एक सायकलवाली आडवी आली. गाडी हातभर अंतरावर थांबली.

शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. मास्तरांनी सुस्कारा सोडला. "मी वेळेवर दाबला म्हणून निभावलं."

बाईंनी चष्मा सावरून खाली पाहिले. "मास्तर, ब्रेक मी दाबला. तुमचा पाय मॅटवर आहे. अजून तीच दाबताय."

पाय खरोखरच मोठ्या निष्ठेने रबरी मॅट दाबत होता. बाई हसल्या, मास्तरही हसले. पण मास्तरांचे हसू आधी संपले.

ऑफिसात येऊन त्यांनी बायकोला सगळे सांगितले. शिकवण्याचा परवाना तिच्याकडेही होता, पण मास्तरांना ती सीट सोडवत नसे, म्हणून ती ऑफिसात शिकणाऱ्यांचे अर्ज भरत बसे. हे कधीपासून, असे तिने विचारले. वर्ष झाले, असे ते म्हणाले.

"अहो, मग मी पाय चेपताना 'जरा जोरात' म्हणत होतात, ते कशाच्या भरवशावर?"

मास्तरांनी फोन करून डॉक्टरांची वेळ घेतली. फळ्यावर पुढच्या तासापुढचे आपले नाव पुसून तिचे लिहिले, आणि अर्जांचा गठ्ठा आपल्यापुढे ओढला.