सचिवांच्या कानातली बाई

"ही कानटोपी कशाला वो सेक्रेटरी? भर दुपारी?" अध्यक्ष रावजींनी विचारलं आणि मी घाईनं यांच्या टोपीची कड आणखी खाली ओढली.

"सर्दी," आमचे हे म्हणाले.

कसली सर्दी न् कसलं काय! टोपीखाली मोबाईलची वायर होती. काचबिंदूनं यांची नजर नेली, त्याला वर्ष होत आलं. वाडीला एवढंच ठाऊक, की गोपाळकाकांना जाड चष्मा लागलाय. शाळेतली कारकुनी संपल्यापासून हे वाडीच्या मंडळाचे सचिव. मागच्या सभेचं इतिवृत्त खणखणीत वाचायचं आणि "कायम करावं का?" असं विचारायचं, यात यांचा सगळा जीव. हे पद गेलं तर पडवीत बसलेला आंधळा म्हातारा एवढीच माझी ओळख उरेल, असं एकदा जेवताना बोलून गेले. 

आजवरच्या सभा पाठांतरावर निभावल्या, आता पाठ राहीना. मी वाचते म्हटलं, तर "सचिव मी की तू?"

मग दापोलीला शिकणाऱ्या आमच्या भाचीनं, ओवीनं, युक्ती काढली. यांनी फोनवर सांगायचं, तिनं टाइप करून पाठवायचं. ते मोबाईल वाचून दाखवतो. "मामा, बाई कानात बोलेल, तुम्ही मागोमाग बोला."

झालं! या वयात नवऱ्याच्या कानात दुसरी बाई. आवाज तर असा कोरडा, की बोलताना तिला पाणी द्यावंसं वाटे. ‘जांभा’ म्हणताना ‘ज’ जिलबीतला लावायची. "अगो, जावयातला ज लाव," हे तिला समजावायचे. इतक्या मायेनं मला कधी काही शिकवलं असेल तर शपथ! पण आठवडाभर तालीम केली दोघांनी.

सभा सुरू झाली. हे देवळाच्या खांबाला टेकून उभे राहिले, कागद तोंडासमोर धरला.

"पाखाडीच्या पायऱ्यांसाठी जांभ्याचे चिरे आणण्याचे ठरले. सूचक श्री. रावजी, अनुमोदक सौ. चिमा."

जावयातला ज अगदी बरोबर. मी मनात म्हटलं, जिंकलं!

"विहिरीवरचा पंप बदलण्याचे ठरले. बॅटरी दहा टक्के शिल्लक."

 शेजारच्या गुरुप्रसादची जीभ कधी स्वस्थ बसली आहे? "काका, पंप बॅटरीवर कधीपासून चालायला लागला?"

हशा पिकला.  कागद खाली आला. मग यांनी हळूच टोपी काढली, तशी वायर सगळ्यांसमोर लोंबायला लागली.

"मला दिसत नाही," हे म्हणाले. "वर्ष झालं. फोन वाचतो, मी नुसता बोलतो. मंडळानं दुसरा सचिव नेमावा, असा ठराव मांडतो."

मला रडू फुटलं. त्या बयेचा राग आला, गुरुप्रसादचा आला, माझाही आला. चार्जिंग बघायचं काम माझं होतं.

रावजी घसा खाकरून उभे राहिले. "सूचक सेक्रेटरी. अनुमोदक कोण?"

हे मान कलती करून ऐकत राहिले. कोण बोलतंय, कोण बोलतंय. चिमा गप्प. खजिनदार समर्थ गप्प. गुरुप्रसाद खाली मान घालून सतरंजीचे दोरे ओढत होता. बाहेर कुणाचं तरी वासरू ओरडलं, तेवढंच.

"अनुमोदक नाय," रावजी म्हणाले. "ठराव बारगळला. सेक्रेटरी, तसं इतिवृत्तात घ्या. आणि त्या बाईला आता मोठ्यानं बोलूं द्या, आमी पन ऐकतो."

गुरुप्रसाद धावत जाऊन चार्जर घेऊन आला. वायर तोकडी. यांना पार कोपऱ्यात, भिंतीच्या बटणाशी बसावं लागलं, सभेपासून लांब.

रावजींनी सतरंजीचं टोक उचललं. "उठा रे सगळे."

सतरंजी फरफटल्याचा आवाज झाला. यांनी माझा हात चाचपला. "काय चाललंय गो? उठून चालले?"

"नाही हो," मी म्हटलं. "सभा तुमच्याकडे येतेय."